घसारा

ब्रोनानं मला बँकर केलंय.
गळ्यात बाबांचा लग्नातला टाय,
हातात तिनं छापून आणलेले कागद,
फोनवर दोन मिनिटांचा गजर.
"हसायचं नाही," ती बजावते, "ते हसत नाहीत."
मी पंधरा वर्षांचा. दातांना तार.
ओठ मिटून घेतले
की खरंच मोठा वाटतो म्हणे.

नऊ जानेवारीला तिची मुलाखत. लंडनला.
दहा आठवड्यांची इंटर्नशिप,
आणि बाकीची पोरं
कुणा ना कुणा काकाच्या ऑफिसात
दोन-दोन उन्हाळे बसून आलेली.
हिचे उन्हाळे इथंच गेले, किलिबेग्जच्या धक्क्यावर,
मॅकरेलच्या लिलावात पावत्या फाडत.
कॉलेजात विषय इतिहास.
मठ कसे लुटले गेले ते सनावळीसकट तोंडपाठ,
ताळेबंद मात्र नोव्हेंबरात पहिल्यांदा पाहिला,
लायब्ररीच्या पुस्तकात,
ज्याच्या चाळिसाव्या पानावर
कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: देवा.

मी वाचतो, जसं छापलंय तसं:
"घसारा दहानं वाढला. कर वीस टक्के.
तिन्ही पत्रकांचं काय होईल?"
ती छताकडे बघते.
"नफा आठनं कमी. मग रोकड..."
रोकड घशातच अडकते.
उत्तर माझ्या हातात आहे: दोननं वाढते.
झीज झाली आणि पैसे वाढले?
मला काही कळत नाही, पण बँकरनं तसं दाखवायचं नसतं.
गजर वाजतो.

दारात बाबा, गमबूट उपसत.
"काय वाढलं?"
"घसारा. तुम्हांला नाही समजायचं."
"म्हणजे आपली नोरा की.
दरवर्षी वर्षानं म्हातारी होते,
त्यापायी खिशातून दमडी जात नाही.
जायचे ते पैसे तेव्हाच गेले,
आजोबांनी वरचं कुरण विकलं तेव्हा.
पण वहीत तिला म्हातारी दाखवली
की सरकार थोडा कर सोडतं.
तेवढीच रोकड हाताशी."
दुसरा बूट निघाला, मोज्यासकट.

ब्रोना गप्प. वाटलं, आता उठून जाणार.
तिनं मला खुर्चीवरून उठवलं, बाबांना बसवलं,
आणि कागद स्वतःच्या हातात घेतला.
"खेळतं भांडवल?"
"डिझेल उधार, बर्फ उधार.
कारखानदार पैसे देणार पंचेचाळीस दिवसांनी."
"आणि तोवर?"
"तोवर तुझी आई."
आई बटाटे सोलत होती. तिनं मान वर केली नाही,
साल मात्र तुटली.

रात्री भिंतीपलीकडून आवाज.
शेवटचा प्रश्न, तो रोजचाच: तुम्हीच का?
आठवडाभर ती म्हणत होती, मला आव्हानं आवडतात,
आणि मी कागदावर फुली मारत होतो.
आज म्हणाली, "मी तीन उन्हाळे पावत्या फाडल्या.
सहा वाजता खोक्याचा जो भाव असतो
तो साडेसातला नसतो. मासळी तीच.
फक्त बर्फ सुटायला लागलेला असतो, आणि
घेणाऱ्याला ते दिसत असतं..."
थांबली.
"छे. फार झालं हे."
पुन्हा पहिल्यापासून.
किती वेळा, मोजलं नाही. झोप लागली.

आठ तारखेला पहाटेच्या बसनं गेली,
मावशीचा काळा कोट, बाह्या दोन बोटं लांब.
बाबा दिवसभर जाळ्याच्या एकाच भोकापाशी बसले होते.
फोन आला तो एवढाच: झालं. माहीत नाही.
घसारा विचारला का?
नाही. धरणांबद्दल विचारलं. कुठली धरणं, देव जाणे.

टाय अजून माझ्याच गळ्यात होता.
जेवणं झाल्यावर मी कागद पुढे ओढले.
"नोराची आजची किंमत किती?"
बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं,
वारा कुठून आहे ते पाहिलं,
मग मला.
"कोण विचारतंय, त्यावर आहे."
मी विचारतोय, म्हटलं,
तार दिसू न देता.